घरातली अवजारपेटी

माझ्या वडिलांच्या मोटारीच्या डिकीत खाकी कॅनव्हासची एक गुंडाळी असे. ती उलगडली की शिवलेल्या कप्प्यांत ओळीने ठेवलेली अवजारे दिसत. चार दुतोंडी पाने, एक स्क्रू-पाना, एक पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, प्लग खोलण्याची नळी, टायरमधल्या हवेचा दाब मोजण्याचा गेज आणि जुन्या ट्यूबचा कापून ठेवलेला एक तुकडा. वस्तू मोजून अकरा. मोटार फियाट होती, तीही दुसऱ्या कोणी वापरलेली घेतलेली. वडील पेशाने शिक्षक. यंत्रविद्येशी त्यांचा संबंध एवढ्या गुंडाळीपुरताच. अवजारे अकराच का, आणि हीच का, हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. मुलाच्या दृष्टीने बापाच्या वस्तू आकाशातल्या नक्षत्रांसारख्या असतात. त्या तिथे असतात, एवढेच त्याला ठाऊक असते.

तो प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो सरकारी नोकरीत शिरल्यावर. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढत असताना माझ्या नव्या मोटारीचे चाक पंक्चर झाले. वेळ रात्रीची, शेजारी वडील बसलेले. मोटारीबरोबर मिळालेला जॅक होता, चाकाचा पाना होता, स्टेपनीही होती. पण त्याआधी काही दिवस एका गॅरेजमध्ये हवेच्या यंत्राने आवळलेले नट त्या आखूड पान्याला जुमानीनात. मी पान्यावर हातांनी जोर दिला, मग पायाने दिला. पाना निसटून गुडघा मात्र फुटला. शेवटी खालून येणारी एक ट्रक थांबली. ड्रायव्हर उतरला. त्याने पोकळ नळाचा हातभर तुकडा आणून माझ्या पान्याच्या दांड्यावर चढविला आणि एका हाताने नट सैल केले. जाताना त्याने अगदी सहज विचारले, ‘साहेब, गाडी तुमचीच ना?’

त्या प्रश्नात उपहास नव्हता. म्हणूनच तो लागला. वडील काही बोलले नाहीत. मात्र घरी पोचल्यावर त्यांनी आपली खाकी गुंडाळी माझ्या हाती दिली. फियाट केव्हाच विकली गेली होती. गुंडाळी राहिली होती. पुढच्या रविवारी मी मोठ्या उमेदीने बॉनेट उघडले आणि पहिलाच नट खोलू लागलो, तो काय? तेरा नंबरचा पाना नटावर सैल बसून नुसताच फिरू लागला आणि नटाचे कोपरे घासले गेले. त्या खालचा पाना गुंडाळीत होता तो अकराचा. तो नटावर चढेनाच. माझ्या नव्या मोटारीला हवा होता बारा नंबरचा पाना, आणि वडिलांच्या गुंडाळीत बारा नंबर नव्हताच.

बारा आणि तेरा यांत एका मिलिमीटरचे अंतर आहे. ते कोठून आले याचा शोध घेता घेता घरगुती अवजारांचा इतिहास माझ्यापुढे उलगडत गेला. आज श्रोत्यांपुढे तोच ठेवावयाचा आहे. घरी मोटारीची किरकोळ देखभाल करण्यासाठी कोणती अवजारे ठेवावीत, हा प्रश्न दुकानदाराला विचारला तर तो दोनशे नगांची पेटी पुढे करील. इतिहासाला विचारला तर उत्तर पुष्कळ लहान येते. कारण खऱ्या गरजेचे प्रत्येक अवजार कोणत्या ना कोणत्या अडचणीतून जन्मले आहे. ती अडचण आपल्यावर येण्यासारखी असेल तर अवजार ठेवावे, नाही तर नाही.

या इतिहासातली पहिली अवजारपेटी एका स्त्रीची होती, आणि तीत अवजार म्हणावे असे काहीच नव्हते. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथून बर्था बेंझ या आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, त्याने बनविलेल्या तीन चाकी मोटारीतून फोर्झहाइम येथे माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. मोटारीने इतका लांबचा प्रवास त्यापूर्वी कोणी केलेला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीला लावावयाच्या पिनेने मोकळी केली. ठिणगी पाडणाऱ्या तारेचे वेष्टन निघाले, तेव्हा मोजे बांधण्याचा पट्टा तिच्यावर गुंडाळला. इंधन संपले ते व्हीसलॉख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतले. साखळी लोहाराकडून नीट करून घेतली, आणि ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. परत आल्यावर त्यांनी पतीला चढासाठी आणखी एक गिअर बसविण्याची सूचना केली, असेही सांगतात.

योगायोग असा की, १८८८ हेच वर्ष आपल्या किर्लोस्कर उद्योगाच्या स्थापनेचे म्हणून सांगितले जाते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या कारखानदारीची सुरुवात बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून झाली. पांढरपेशा माणसाने हाताला वंगण लावून घ्यावयाचे नाही, असा दंडक असलेल्या त्या काळात मुंबईच्या तंत्रसंस्थेतील हा शिक्षक सायकली विकू लागला आणि पुढे लोखंडी नांगराकडे वळला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण अवजारांच्या निवडीचा प्रश्न निम्मा लोखंडाचा असला तरी निम्मा मनाचा आहे. त्याकडे आपण पुन्हा येऊ.

मोटार श्रीमंतांच्या दारी आली तेव्हा तिच्याबरोबर एक माणूसही आला. आपण त्याला शोफर म्हणत असू. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ तापविणारा, म्हणजे वाफेच्या इंजिनाचा जाळ सांभाळणारा. गाडी चालविणे हे त्याचे अर्धे काम. ती चालू ठेवणे हे दुसरे अर्धे. ज्याला शोफर परवडत नसे त्याला स्वतःच शोफर व्हावे लागे. इंग्लंडमधील डोरोथी लेव्हिट या मोटारचालक बाईंनी १९०९ साली स्त्रियांसाठी मोटारीवर एक पुस्तक लिहिले. मागचे वाहन दिसावे म्हणून जवळ एक हातआरसा बाळगावा, असा सल्ला त्यांनी त्यात दिला. पुढे मोटारीला कायमचा बसलेला आरसा आधी असा हातातले अवजार होता.

यानंतर आले अमेरिकेतले फोर्ड ‘मॉडेल टी’. ऑक्टोबर १९०८ मध्ये ही मोटार बाजारात आली आणि १९२७ पर्यंत तिचे दीड कोट नग निघाले. तिचे गिऱ्हाईक शेतकरी, खेड्यातला डॉक्टर, लहान दुकानदार. जवळपास गॅरेज नसणारच, हे कारखान्याने गृहीत धरले होते. म्हणून मोटारीबरोबर जॅक, हवेचा पंप, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, थोडे पाने आणि पंक्चर काढण्याचे साहित्य मिळे. अमेरिकन शेतकऱ्यांनी मागचे चाक उचलून त्याच्यावर पट्टा चढविला आणि त्याच मोटारीवर लाकडे कापली, पाणी उपसले. विकणाऱ्याचा घेणाऱ्यावर विश्वास होता. तू हे यंत्र उघडशील, आणि उघडलेस तर ते पुन्हा जोडशील, असे ती लहानशी पेटी मालकाला सांगत होती.

अर्थात त्या विश्वासाची किंमतही मालक देत असे. इंजिन सुरू करण्यासाठी पुढून हँडल मारावे लागे. ते उलट फिरले की मनगट मोडे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीत वळवू नये, हा धडा कित्येकांनी हात मोडून घेऊन शिकला. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसला तेव्हा हे अवजार निवृत्तीच्या मार्गाला लागले. तरी आपल्या अँबॅसॅडरच्या डिकीत ते पुढे अनेक वर्षे पडून असे, आणि हिवाळ्याच्या पहाटे बॅटरी बसली की कामालाही येई.

सर्वांत मोठी पीडा टायरची. हवा भरलेले टायर मोटारीला लावून शर्यतीत उतरण्याचे धाडस मिशलँ बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत केले. वाटेत त्यांना पुन्हा पुन्हा थांबून पंक्चरे काढावी लागली. त्या काळी चाक गाडीला कायमचे जडलेले असे. पंक्चर म्हणजे रस्त्याच्या कडेला बसून सळयांनी टायर उकलावयाचे, ट्यूबला ठिगळ लावावयाचे आणि पुन्हा पंपाने हवा भरावयाची. यावर वेल्समधील लानेथली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये तोड काढली. हवा भरलेल्या टायरसह एक नुसती धाव, मधल्या आऱ्यांशिवायची. ती बसलेल्या चाकाच्या अंगाला अडकवावी आणि पुढे जावे. त्यांचा कारखाना स्टेपनी स्ट्रीटवर होता, म्हणून त्या चाकाचे नाव स्टेपनी. ते चाक गेले, इंग्लंडात तो शब्दही गेला. आपल्याकडे मात्र खेड्यातला पंक्चरवालाही जादा चाकाला आज स्टेपनीच म्हणतो. वेल्समधल्या एका रस्त्याचे नाव भारतातल्या प्रत्येक मोटारतळावर ऐकू यावे, ही भाषेची गंमत आहे.

आता पान्यांकडे वळू. माझा खरा शोध तिथेच होता. नट आणि बोल्ट यांवर जी मळसूत्री खाच असते तिला कारागीर आटे म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे होते. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडभरच्या कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच प्रमाण सुचविले. आट्यांचा कोन पंचावन्न अंशांचा. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी फिलाडेल्फियात आपले प्रमाण मांडले. त्यांचा कोन साठ अंशांचा, कारण साठ अंश कापण्यास व मोजण्यास सोपे. युरोपखंड मिलिमीटरच्या वाटेने गेले. अशा रीतीने एकीच्या तीन प्रयत्नांतून तीन पंथ निर्माण झाले.

हा पाच अंशांचा वाद विद्वानांपुरता राहिला असता तर बिघडले नसते. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सुटे भाग ब्रिटिश यंत्रांना बसेनात, आणि बोल्टासारख्या क्षुद्र वस्तूपायी आघाडीवरची कामे अडू लागली. युद्धानंतर, १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी वॉशिंग्टन येथे एकच आटा मान्य करणाऱ्या करारावर सह्या केल्या. कोन ठरला साठ अंशांचा.

या गोंधळात मालकाची आठवण ठेवल्याचे एक उदाहरण मला फार आवडते. पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉचकिस या फ्रेंच शस्त्रनिर्मात्यांनी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे कारखाना घातला. युद्ध संपल्यावर ते मॉरिस मोटारींची इंजिने बनवू लागले, आणि १९२३ मध्ये मॉरिस यांनी तो कारखानाच विकत घेतला. तिथली यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरचे पडत. पण इंग्रज मालकाच्या घरी पाने असत ते व्हिटवर्थच्या मापाचे. तेव्हा बोल्टांचे आटे मिलिमीटरचे ठेवून त्यांची डोकी मात्र व्हिटवर्थच्या मापाची केली गेली, आणि ही पद्धत १९५० च्या दशकापर्यंत चालली. यंत्र फ्रेंच राहिले. माणसाच्या हातातला पाना बदलावा लागला नाही.

आपल्या देशात हे पंथभेद एकाच आळीत नांदले. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसॅडर ही १९५७-५८ मध्ये मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली मोटार. त्याच सुमारास, १९५६ च्या कायद्यान्वये, भारताने दशमान मापे स्वीकारली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती अमलात येऊ लागली. देश मीटरकडे निघाला आणि देशाची राजमान्य मोटार इंचांचे नट घेऊन रस्त्यावर आली. उलट वालचंद समूहाची प्रीमियर कंपनी मुंबईत कुर्ल्याला जी फियाट बनवी, ती मूळची इटलीतील तुरिनची. म्हणजे मिलिमीटरच्या घराण्यातली. अँबॅसॅडरवाल्याच्या पेटीत सात सोळांश, अर्धा आणि नऊ सोळांश इंचाचे पाने, तर फियाटवाल्याच्या पेटीत दहा, तेरा आणि सतरा. शेजाऱ्याकडून साखर उसनी आणता येई, पाना आणता येत नसे. माझ्या वडिलांच्या गुंडाळीचे कोडे निम्मे येथे सुटले.

उरलेले निम्मे सुटले जपानमध्ये. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गुरगावहून बाहेर पडली. तीही मिलिमीटरचीच, पण आठ मिलिमीटरच्या ज्या बोल्टाला युरोपात तेराचे डोके, त्याला जपानी प्रमाणात बाराचे, दहा मिलिमीटरच्या बोल्टाला युरोपात सतराचे, तर जपानात चौदाचे. माझी नवी मोटार जपानी वळणाची होती. वडिलांचा तेरा नंबर सैल पडला तो यामुळे. दोन पिढ्यांमध्ये एका मिलिमीटरचे अंतर पडले होते, आणि दोष दोघांचाही नव्हता.

तेव्हा पान्यांची निवड करताना पहिला नियम हा की, आधी आपल्या मोटारीचे घराणे ओळखावे आणि मग पाने घ्यावेत. आजच्या भारतातल्या बहुतेक मोटारींना दहा, बारा, तेरा, चौदा, सतरा आणि एकोणीस हे सहा नंबर पुरेत. एका टोकाला उघडे तोंड आणि दुसऱ्या टोकाला कडे असलेला पाना घ्यावा. कडे नटाला सर्व बाजूंनी धरते, म्हणून घट्ट नट आधी कड्याने हलवावा आणि सैल झाल्यावर उघड्या तोंडाने झटपट काढावा.

येथे कोणी म्हणेल, सहा पाने कशाला, एक स्क्रू-पाना घेतला की झाले. हा स्क्रू-पानाही थोर घराण्यातला आहे. स्वीडनमधील एन्शॉपिंग गावच्या योहान पेटर योहान्सन यांनी १८९२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. गिऱ्हाइकाच्या घरी जाताना पान्यांचे ओझे वाहावे लागू नये, ही त्यामागची गरज. आपल्या नाशिकच्या टपारिया कारखान्यानेही १९६९ मध्ये हातअवजारे बनविण्यास प्रारंभ केला तो एका स्वीडिश कंपनीच्या सहकार्यानेच. पण सर्वांशी जुळवून घेणारा माणूस जसा निकराच्या प्रसंगी ठाम राहत नाही, तसा हा पानाही घट्ट नटावर जबडा सैल सोडतो. तो पेटीत असावा, पण शेवटचा.

ओझे कमी करण्याचा खरा मार्ग १९२० मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे जोसेफ जॉन्सन यांना सुचला. पाना म्हणजे दांडा आणि तोंड. मग दांडा वेगळा व तोंड वेगळे का करू नये? पाच दांडे आणि दहा सुटी तोंडे यांत पन्नास पान्यांचे काम होऊ लागले. आपले मिस्त्री या सुट्या तोंडाला गोटी म्हणतात, आणि एवढा नेमका शब्द मला कोणत्याही परिभाषा कोशात सापडला नाही. एक खटक्याचा दांडा, एक लांबवणीचा तुकडा, वर सांगितलेल्या नंबरांच्या गोट्या आणि पेट्रोलची मोटार असेल तर प्लगची एक गोटी. यापलीकडे घरात लागत नाही.

स्क्रू ड्रायव्हरची कथा थोडी वेगळी. ती मालकाच्या सोयीची नसून कारखान्याच्या सोयीची आहे. सरळ खाचेचा स्क्रू हाताने फिरवावयास ठीक. पण यंत्राने फिरविताना टोक खाचेतून घसरे. ओरेगनमधील हेन्री फिलिप्स यांनी १९३६ मध्ये फुलीच्या खाचेची पेटंटे घेतली आणि कॅडिलॅकच्या कारखान्यात ती प्रथम वापरली गेली. फुलीत टोक आपोआप मध्यावर बसते. पुढे षट्कोनी, तारकाकृती अशा नाना खाचा निघाल्या. त्यांतल्या काही तर मालकाने उघडूच नये, अशाच हेतूने योजलेल्या असतात. घरी मात्र दोन सरळ आणि दोन फुलीचे, एवढे पुरे.

या सगळ्याबरोबर एक अवजार असे आहे की, ते लोखंडाचे नाही. ते म्हणजे पुस्तक. एडनमध्ये ब्रिटिश हवाई दलात असताना जॉन हेन्स यांनी एका सहकाऱ्याची मोटार उघडून जोडण्यास मदत केली. कंपनीची पुस्तिका सामान्य माणसाला काहीच सांगत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले आणि १९६६ मध्ये त्यांनी आपले पहिले मार्गदर्शक पुस्तक काढले. प्रत्यक्ष मोटार उघडत, टप्प्याटप्प्याची छायाचित्रे घेत. १९६९ मध्ये अमेरिकेत जॉन म्यूर या अभियंत्याने फोक्सवॅगनवर असेच पुस्तक लिहिले. त्यात अवजारांच्या पायऱ्या पाडल्या आहेत: आरंभीचा एवढी घेवो, सवय झालेला तेवढी. निवडीचे याहून शहाणपणाचे सूत्र मला माहीत नाही. जे काम आपण करणार नाही त्याचे अवजार घरी गंजत ठेवू नये.

आपल्याकडे अशी पुस्तके रुजली नाहीत. त्याचे एक कारण चांगले आहे: आपला कोपऱ्यावरचा मिस्त्री. शाळा सोडून बाराव्या वर्षी वंगणात हात घातलेल्या या माणसांनी आपल्या मोटारी अर्धशतक चालत्या ठेवल्या. दुसरे कारण तितकेसे चांगले नाही. लेखणीच्या हाताने पाना धरू नये, ही आपली जुनी समजूत. दप्तरातली पाने उलटणारा हात मोटारीच्या पान्याला लागला की प्रतिष्ठा कमी होते, असे आम्हा पांढरपेशांना वाटत आले. १९४५ मध्ये इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ, पुढे राणी झालेली, लष्कराच्या महिला दलात ड्रायव्हर व मेकॅनिक म्हणून शिकत होती, चाके बदलत होती. तिची प्रतिष्ठा उणावल्याचे कोणी म्हटले नाही. लक्ष्मणरावांचीही उणावली नाही. घाटात मला लाज वाटली ती चाक बदलावे लागल्याची नव्हे. माझ्या वस्तूची रीत मला ठाऊक नसावी, याची होती.

आज काळ आणखी पुढे गेला आहे. अँबॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. बॉनेट उघडले की आता प्लास्टिकचे झाकण दिसते. २०२० च्या नियमबदलाने, टायरच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर भरण्याचे साहित्य असल्यास, मोटारीला स्टेपनीचीही सक्ती उरली नाही. मॉडेल टीबरोबर मिळणाऱ्या पेटीतून एकेक वस्तू कमी होत गेली, आणि तिच्याबरोबर तो विश्वासही. तरीही सगळीच दारे बंद झालेली नाहीत. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक मोटारीला सोळा टाचण्यांची एक ठरावीक खोबण सक्तीची झाली, आणि आपल्या आजच्या मोटारींतही ती स्टिअरिंगखाली असते. तीत लहानसे वाचक यंत्र लावले की मोटार आपला बिघाड सांकेतिक आकड्यांत सांगते. बर्थाबाईंच्या टोपीच्या पिनेचा हा पणतू.

तेव्हा माझी आजची गुंडाळी सांगतो. पहिला मान हवेच्या गेजला; कारण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक उपयोगी अवजार तेच. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप. चाकाचा लांब दांड्याचा पाना: पंचवीस सेंटिमीटरच्या दांड्याला जिथे चाळीस किलोंचा जोर लागतो तिथे पन्नासच्या दांड्याला वीस पुरतात, त्या ट्रकवाल्याच्या नळाचे रहस्य एवढेच होते. जॅक आणि चाकाखाली अडण म्हणून दोन ठोकळे. सहा पाने, थोड्या गोट्या, चार स्क्रू ड्रायव्हर, पक्कड. विजेचा दाब मोजण्याचे मीटर. बंद मोटारीची बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवीत असेल तर ती निरोगी, बाराच्या जवळ आली तर तिचा भरवसा धरू नये. दुसऱ्या बॅटरीवरून चालना देण्याच्या दोन जाड तारा. विजेरी, हातमोजे, फडके. आणि मोटारीची पुस्तिका, वाचलेली.

काय करू नये, हेही अवजाराइतकेच जवळ ठेवावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कधीही शिरू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. ब्रेक, हवेच्या संरक्षक पिशव्या आणि विजेवरच्या मोटारींतल्या नारिंगी तारा यांना घरच्या माणसाने हात लावू नये. तिथे मिस्त्रीचा मान मिस्त्रीला द्यावा. आपल्या मर्यादा ओळखणे हाही यंत्रविद्येचाच भाग आहे.

वडील आता नाहीत. त्यांच्या गुंडाळीत मी बारा आणि चौदा नंबरचे पाने घातले. पण तेरा काढला नाही. ट्यूबचा तुकडा कशासाठी होता हे मला अलीकडे कळले. काचेची बरणी उघडेना तेव्हा आईने तो मागून घेतला आणि झाकणावर धरून फिरविला. वडीलही गरम झाकणे खोलताना तो तसाच धरीत, असे ती म्हणाली. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. गेल्या रविवारी त्याने चारही चाकांची हवा तपासली, एका चाकात ती कमी निघाली, आणि विचारल्यावाचून त्याने पंप आणला. बाराव्या शतकातल्या शिलालेखापुढे उभे राहिल्यावर वाटत नाही इतके समाधान मला त्या क्षणी वाटले. उद्या कोणा घाटात कोणी त्याला विचारील, ‘गाडी तुमचीच ना?’, तर त्याला मान खाली घालावी लागणार नाही.